बाबांचे बूट आणि राजगडाची वाट

आमच्या सांवेर रोडवर माणसाच्या पायांकडे बघून तो काय काम करतो ते सांगता येतं. सकाळी साडेआठला मरीमाता चौराह्यावरून बाणगंगेकडे स्कूटर वळवली की पुढे कारखान्यांची रांग सुरू होते. औषधं, शेव-नमकीन, प्लास्टिक, लोखंडी कपाटं, काय म्हणाल ते. स्टील टो असलेले जड काळे बूट म्हणजे मशीनवरचा माणूस, चपला म्हणजे पॅकिंग, चकचकीत बूट म्हणजे ऑफिस. मी यातल्या एका लहानशा कारखान्यात रबरी गॅस्केट तपासण्याचं काम करते. दिवसभर रबर वाकवायचं, ताणायचं, त्याचा कडकपणा मोजायचा आणि तडा दिसला की बाजूला काढायचं. नऊ वर्षं हेच करते आहे. आणि तरीही माझ्याच घरात, माझ्याच बाबांच्या पायातल्या बुटाला गेलेला तडा मला दिसला नाही. ही गोष्ट त्याचीच आहे.

आमचं घर चार पिढ्यांपासून इंदूरचं. दादा मात्र नोकरीसाठी पुण्याला स्थायिक झाला. त्याची मुलगी दहा वर्षांची. गेल्याच्या गेल्या दिवाळीत तिने सोसायटीत मातीचा किल्ला करायला घेतला आणि तो राजगडच हवा म्हणून हट्ट धरला. मग काय, इकडून आजोबा व्हिडिओ कॉलवर. पद्मावती माची इकडे, सुवेळा तिकडे, संजीवनी लांबलचक कर, बालेकिल्ला मधोमध आणि उंच. बाबा कॉलेजात असताना पुण्याच्या मामांकडे गेले की राजगडाला जात. किल्ला झाला, हळीव पेरले, मावळे बसवले आणि शेवटी नातीने विचारलं, "आजोबा, खऱ्या राजगडावर कधी नेणार?" बाबा म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात, नक्की." फोन ठेवल्यावर आई एवढंच म्हणाली, "वय सहासष्ट, शुगर चौदा वर्षांची आणि निघाले गड चढायला."

पण बाबांनी मनावर घेतलं. रोज सकाळी पाच किलोमीटर चालायला लागले. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरला तेव्हा म्हणाले, आता जानापावला जाऊन अंदाज घेऊ. महूच्या पुढचा हा डोंगर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. परशुरामांचं जन्मस्थान मानतात, चंबळेचा उगम तिथला आणि कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. वर गाडीरस्ता जातो, पण जंगलातून पायवाटही आहे. आम्हाला पायवाटच हवी होती.

आदल्या रात्री बाबांनी माळ्यावरून एक खोका काढला. त्यात 2011 साली हिमाचलच्या सहलीसाठी घेतलेले चामड्याचे उंच बूट होते. तेव्हा दहा दिवस वापरले, पुसून, वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवले. "बघ, नव्यासारखे आहेत," ते म्हणाले. खरंच नव्यासारखे होते. वरचं चामडं चकाकत होतं, नाड्या पांढऱ्याशुभ्र. मी हातात घेऊन कौतुक केलं आणि परत दिले. शंभर गॅस्केट रोज अंगठ्याने दाबून बघणाऱ्या मला तो तळ एकदा दाबून बघावासा वाटला नाही.

अर्ध्या वाटेवर

पहिला तास झकास गेला. मग एका दगडावरून उतरताना बाबांच्या उजव्या बुटाची टाच फटकन सुटली. उचलून बघते तर तळ आणि चामडं यांच्या मधला थर हातात भुगा होऊन येत होता, जुन्या फोमच्या गादीसारखा. दहा मिनिटांत डाव्यानेही तेच केलं. आम्ही नाडी काढून तळ पायाला बांधला, वरून माझी ओढणी गुंडाळली आणि गाडीरस्ता गाठला. बाबा हसत होते. "मावळे अनवाणी चढायचे, माझ्या पायात निदान अर्धा बूट तरी आहे." मीही हसले. त्यांनी एकदाही पाय दुखतो असं म्हटलं नाही.

घरी येऊन मोजा काढला तेव्हा आई ओरडली. उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता, मोजा रक्ताने चिकटला होता. बाबा स्वतः चकित होऊन बघत होते. त्यांना काही कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक साधी तपासणी केली. नायलॉनच्या मिशीसारखा एक धागा असतो, तो वाकेपर्यंत टेकवला की बरोबर 10 ग्रॅमचा दाब पडतो. बाबांना डोळे मिटायला सांगून तो तळपायावर ठिकठिकाणी टेकवला. "आता? आता?" चवड्याखाली तीन ठिकाणी बाबा गप्पच राहिले. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा अशा बधिर होऊ शकतात आणि मग दुखणं हा जो पहारेकरी असतो तोच झोपी जातो. आपण खडा टोचला की थांबतो. अशा माणसाला खडा टोचल्याचं कळतच नाही, तो चालत राहतो. ती जखम भरायला पाच आठवडे लागले. रोज ड्रेसिंग, रोज आईचं बोलणं आणि बाबांचं ते गप्प बसणं. नातीला फोनवर त्यांनी फक्त "थोडं लांबलंय" एवढंच सांगितलं.

जखम भरल्यावर मी डॉक्टरांना सरळच विचारलं, राजगडाचा विचार सोडून द्यायचा का? त्यांनी रक्तप्रवाह तपासला, हृदयाचा आलेख काढला आणि म्हणाले, "चालणं यांच्यासाठी औषध आहे. पण बूट नीट निवडा आणि पाय रोज डोळ्यांनी बघा. पायाला कळत नसेल तर डोळ्यांना कळलं पाहिजे." त्या दिवसापासून बूट हा माझा अभ्यासाचा विषय झाला. तुमच्या घरात मधुमेह असो नसो, त्यातलं बरंचसं सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.

बूट का सुटला?

आधी त्या भुग्याचा छडा लावला, कारण तो प्रश्न माझ्या पोटापाण्याचा होता. बुटाच्या तळाला साधारण तीन थर असतात. सर्वांत खाली जमिनीला टेकणारं रबर, मध्ये धक्के झेलणारा मऊ थर आणि आत पाय टेकतो ती गादी. मधला थर बहुधा दोनपैकी एका पदार्थाचा असतो: पॉलियुरेथेन किंवा ईव्हीए. पॉलियुरेथेन दणकट, वजन पेलणारा, म्हणून जड बुटांत तो असे. पण त्याचा एक शत्रू आहे, हवेतली वाफ. ओलाव्याने त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात आणि आठ-दहा वर्षांत, कधी त्याआधीही, तो बिस्किटासारखा भुसभुशीत होतो. बूट घातला नाही तरीही. उलट बंद खोक्यात, माळ्यावरच्या उकाड्यात पडून राहिलेले बूट वापरातल्या बुटांपेक्षा आधी जातात असा अनेक ट्रेकरचा अनुभव आहे. वरचं चामडं मात्र तसंच चकाकत राहतं आणि आपल्याला फसवतं.

ईव्हीए हलका असतो, असा भुगा होत नाही, पण त्याच्यातले हवेचे बारीक बुडबुडे चालून चालून दबतात. काही शे किलोमीटरनंतर बूट वरून चांगला दिसतो आणि टाच मात्र दुखायला लागते. म्हणजे प्रत्येक बुटाला वय असतं. आज हा लेख वाचून झाल्यावर एवढंच करा: माळ्यावरचे जुने बूट काढा, दोन्ही हातांनी तळ वाकवा, मधल्या थरात अंगठा रुतवा. बारीक चिरा दिसल्या, पावडर निघाली किंवा अंगठ्याचा खळगा तसाच राहिला, तर त्या बुटांना रामराम करा. जुने बूट घेऊन सरळ ट्रेकला निघू नका.

किती जड, किती हलका

स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी घरातले सगळे बूट मोजले. आईने त्यावर आधी प्लास्टिक पसरायला लावलं. बाबांचे ते जुने बूट: जोडीचं वजन 1,480 ग्रॅम. माझे कारखान्यातले सेफ्टी शूज: 1,250. भाच्याचे धावण्याचे शूज: 520.

पाठीवरच्या ओझ्यापेक्षा पायातलं ओझं कितीतरी जास्त दमवतं, हे गिर्यारोहकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. कारण पाठीवरची पिशवी पावलाबरोबर थोडीच वरखाली होते, पाय मात्र दर पावलाला उचलून पुढे फेकावा लागतो. धावपटूंवरच्या अभ्यासांत बुटाच्या दर 100 ग्रॅम वाढीव वजनामागे साधारण एक टक्का जास्त शक्ती खर्च होते असं दिसलं आहे. ऐकायला कमी वाटतं. पण हिशेब करा. शेवटी आम्ही घेतलेली जोडी 780 ग्रॅमची निघाली, म्हणजे एका पायात 350 ग्रॅम कमी. गडावरच्या दिवसाची 12,000 पावलं धरली तर एक पाय 6,000 वेळा उचलला जातो. 6,000 गुणिले 350 ग्रॅम म्हणजे 2,100 किलो. एका पायाने दोन टनांहून अधिक वजन कमी उचललं! आमच्या कारखान्यातून आठवड्याला बाहेर पडणाऱ्या मालापेक्षा जास्त.

मग एकदम धावण्याचेच शूज का घेऊ नयेत? सपाट रस्त्याला चालतील. पण त्यांचा तळ इतका मऊ असतो की दगडाची धार तळपायाला लागते, आणि ज्याला ती कळत नाही त्याच्यासाठी तेच धोक्याचं. हातात बूट घेऊन पिळून बघा. ओल्या कपड्यासारखा पिळला गेला तर तो डोंगराचा नव्हे. चवड्यापाशी, जिथे पाय वाकतो तिथे, सहज वाकला पाहिजे, मधोमध मात्र दुमडता कामा नये.

"थोडे दिन में खुल जाएगा"

दुकानात आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो. दिवसभरात पाय थोडे फुगतात, गडावरही फुगतात. सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी चावू लागतो. ज्या मोज्यांवर चालायचं तेच मोजे घालून गेलो. दोन्ही पायांची मापं घेतली, कारण बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात. बाबांचा डावा पाय उजव्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर लांब निघाला. माप मोठ्या पायाचं घ्यायचं. आपल्याकडे चालणाऱ्या इंग्लंडच्या मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या नंबराचा फरक दोन पायांतच होता आणि गेली चाळीस वर्षं बाबा लहान पायाच्या मापाने बूट घेत होते!

पहिल्या दुकानात विक्रेत्याने चढवलेला बूट चवड्यापाशी आवळत होता. तो म्हणाला, "अंकलजी, थोडे दिन में खुल जाएगा." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. चामडं थोडं सैलावतं हे खरं, पण आताच्या कृत्रिम कापडाचे बूट फारसे खुलत नाहीत. दुकानात चावणारा बूट डोंगरावर जास्त चावतो.

यात आपल्या पायांचाही दोष नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली, तेव्हा भारतीयांचे पाय युरोपीय-अमेरिकी साच्यांपेक्षा रुंद असल्याचं दिसून आलं. त्यावरून 'भारत' शब्दातला 'भा' घेऊन आपली स्वतःची मापपद्धती सुचवली गेली आहे. ती दुकानादुकानांत रुळेपर्यंत एक युक्ती वापरा. बुटातली गादी बाहेर काढा आणि तिच्यावर उभे राहा. पाय गादीच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग तो कितीही सुंदर दिसो. बोटांच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे.

मग जिना शोधा. नाड्या बांधून जिना उतरताना बोटं पुढे आदळत असतील तर उतारावर नखं काळी पडणार. चढताना टाच वर सरकत असेल तर फोड येणार. फोड हा घासण्यातून येतो आणि घासणं सैलपणातून. म्हणून बोटांना जागा, पण टाचेला पकड हवी. तिसऱ्या दुकानात हे सगळं जुळलं तेव्हा बाबा म्हणाले, "मुलगी बघायला एवढी दुकानं फिरलो नव्हतो." आई बरोबर नव्हती म्हणून बरं!

शेवटी मी बुटात हात घालून आतली शिवण न् शिवण चाचपली. जिथे बोटाला टोक लागेल तिथे पायालाही लागणारच. बाबांसाठी हे फार महत्त्वाचं होतं आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवणं हे आता त्यांचं रोजचं काम झालं आहे.

तळाचं रबर

इथे मी माझ्या घरच्या मैदानावर होते. रबराचा कडकपणा 'शोअर' या मापात मोजतात. सुई टोचून आकडा वाचायचा, शून्य ते शंभर. गाडीचं टायर साठ-सत्तरच्या आसपास असतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी घरातल्या बुटांचे तळ मोजले. बाबांच्या जुन्या बुटाचं रबर 80च्या वर गेलेलं, वयाने कडक झालेलं. नव्याचं 63. रबर मऊ असेल तर खडकाच्या खडबडीला चिकटतं, पण लवकर झिजतं. कडक असेल तर टिकतं, पण ओल्या दगडावर घसरतं. रोज गावातही वापरायचा असेल तर मधलंच बरं. दुकानात सुई नसते, पण नख असतं. नख दाबल्यावर थोडं रुतलं पाहिजे. काचेसारखं लागलं तर ठेवून द्या.

रबराइतकेच त्याच्यावरचे दातेही महत्त्वाचे. या दात्यांची जन्मकथा दुःखाची आहे. 1935 साली आल्प्समध्ये इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यांच्या मोहिमेतले सहा सोबती वादळात अडकून मेले. तेव्हाच्या बुटांना खिळे मारलेले असत किंवा कडे चढायला वेगळे पातळ बूट लागत, आणि बर्फाळ कड्यावर ते अपुरे पडले. ब्रामानींनी 1937 साली खोल दातेरी रबरी तळ तयार केला, त्यात टायर बनवणाऱ्या पिरेलींची मदत झाली. स्वतःच्या नावावरून त्यांनी त्याला 'विब्राम' नाव दिलं. 1954 मध्ये के-टू शिखरावर पहिल्यांदा पोहोचलेल्या इटालियन संघाच्या पायांत हेच तळ होते. आज आपण घेतो त्या साध्या बुटावरचे दातेही त्याच वंशातले.

माळवा आणि सह्याद्री हे भाऊभाऊच आहेत, दोन्हीकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक. पण वाट वेगळी. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते की दोन पावलांत किलोभर चिखल उचलावा लागतो. तिथे दाते एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे चिखल गळून पडतो. सह्याद्रीत हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात घसारा असतो, म्हणजे सुट्या बारीक खड्यांचा उतार. तिथे दाते खोल हवेत आणि टाचेला वेगळी कड हवी, उतरताना ती ब्रेकसारखी रुतते. ओल्या शेवाळावर मात्र कुठलाच बूट खात्रीचा नाही. तिथे हात, काठी आणि सावकाशपणा.

पाणी आणि घोटा

पाणी आत न येणारे पडद्याचे बूट महाग असतात आणि दुकानदार तेच पुढे करतो. बर्फात जायचं असेल तर जरूर घ्या. पण आपल्या उकाड्यात त्यांत पाय घामाने भिजतो. आणि पावसाळ्यात ओढा पार करताना पाणी वरून शिरलं की बाहेर जायची वाटच नसते, बूट म्हणजे बादली होते. सह्याद्रीत जाळीदार कापडाचा, लवकर वाळणारा बूट बरा. मोजे सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलते. लोकरमिश्रित किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या. मधुमेही माणसाने पांढरे किंवा फिके मोजे घ्यावेत, म्हणजे रक्ताचा डाग लगेच दिसतो. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला आमच्या त्या दिवसाच्या काळ्या मोज्यांची आठवण झाली.

उंच गळ्याचा बूट घोटा वाचवतो, असं सगळे सांगतात. घोट्याला आधार वाटतो, खडे आत येत नाहीत, काटे लागत नाहीत, हे फायदे खरेच. पण मुरगळणं टाळायचं असेल तर घोट्याभोवतीचे स्नायूच कामाला येतात. दात घासताना एका पायावर उभं राहायचा सराव करा. बाबांनी दोन महिने केला. सुरुवातीला बेसिन धरून, मग न धरता. आम्ही घेतला तो मध्यम गळ्याचा, घोट्यावर जेमतेम येणारा. तरुण मंडळींनी पाठीवर हलकी पिशवी घेऊन एका दिवसाचा ट्रेक करायचा तर कमी गळ्याचाही पुरतो, आणि तो जीन्सवर शोभतो.

किमतीचं म्हणाल तर बाबांची जोडी साडेतीन हजारांच्या आत बसली. सह्याद्रीत पूर्वी कॅनव्हासच्या हंटर शूजवर पिढ्या चढल्या, नंतर अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज लोकप्रिय झाले. दोन्ही खिशाला परवडणारे. पायाला बसणारा स्वस्त बूट न बसणाऱ्या महागापेक्षा केव्हाही चांगला. आणि नर्मदेची परिक्रमा करणारे कितीतरी जण अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतर साध्या बुटांवर, काही तर अनवाणी, पार करतात, हे आपण नर्मदेच्या एवढ्या जवळ राहून विसरू नये.

सांवेर रोडची परीक्षा

नवा बूट थेट गडावर न्यायचा नाही, हे तर ठरलेलंच. बाबा पहिल्या आठवड्यात घरात, रोज एक तास. मग दूध आणायला, मग सराफ्यात. मीही स्वतःसाठी तशीच जोडी घेतली होती. तिची परीक्षा सांवेर रोडवर झाली. ट्रकांनी उखडलेला रस्ता, मुरूम, तेलाचे डाग, पाण्याची डबकी. जेवणाच्या सुट्टीत रोज वीस मिनिटं चालले. एकदा त्याच बुटांत मशीनजवळ गेले तर आमच्या सुपरवायझरांनी दारातच अडवलं, आणि बरोबर केलं. पायावर साचा पडला तर ट्रेकिंगचा बूट बोटं वाचवत नाही. तिथे पुढे पोलादी टोपी असलेला आणि भारतीय मानकाचं चिन्ह असलेला सेफ्टी शूच हवा. उलट तो सेफ्टी शू गडावर नेऊ नका. "दोन कामांना एक बूट" हे घर आणि डोंगर यांच्यापुरतंच खरं आहे.

दोन आठवड्यांत माझ्या उजव्या टाचेला थोडं घासलं. नाडी बांधायची पद्धत बदलली आणि ते थांबलं. शेवटच्या दोन छिद्रांतून प्रत्येक बाजूला नाडीचा छोटा फासा करायचा, समोरची नाडी त्या फाशातून ओवायची आणि मग आवळायची. टाच मागे घट्ट बसते, चवडा मोकळा राहतो. उतार लागण्याआधी थांबून असं बांधलं की बोटं वाचतात.

पाली दरवाजा

जानेवारीत आम्ही निघालो. गुंजवण्याकडून चोर दरवाजाची वाट उभी आणि अरुंद आहे, रेलिंग धरून चढावं लागतं. म्हणून आम्ही पाली दरवाजाची वाट धरली. तिला शेवटी रुंद पायऱ्या आहेत. दर तासाला बाबा बसायचे, बूट काढायचे, मोजे काढायचे आणि नात टॉर्च लावून आजोबांचे तळवे तपासायची. "डाग नाही!" ती ओरडायची. शेजारून जाणारी मुलं बघत राहायची. बाबांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

पद्मावती माचीवर पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. बाबा देवळाच्या ओट्यावर बसले, चहूकडे बघत. त्यांच्या आठवणीत गड होता तसाच होता, गर्दी तेवढी वाढली होती. नात म्हणाली, "आता बालेकिल्ला." तिकडची वाट खडकातून, हातापायांनी चढायची. माझ्या पोटात गोळा आला, कारण बाबा हट्टी आहेत. पण ते म्हणाले, "मी इथे थांबतो. तुम्ही जाऊन या. वरून मला हात कर." दादा आणि मी तिला घेऊन गेलो. वरून तिने हात केला. खाली देवळाजवळ एक ठिपका उभा राहिला आणि त्याने काठी हलवली.

संध्याकाळी दादाच्या घरी आईने बाबांचे मोजे स्वतःच्या हाताने काढले आणि दिव्याखाली उलटसुलट करून पाहिले. धुळीने तांबूस झाले होते, बाकी काही नाही. तिने ते न बोलता धुवायला टाकले. रात्री जेवताना म्हणाली, "पुढच्या वेळी मी पण येईन. पण माझ्या पायाचं माप तूच घे."

आता घरात तीन जोड्या आहेत. बाबा त्यांच्या जोडीत भाजी आणतात, लग्नाला तेवढे घालून जाऊ नका म्हणून आईने बजावलं आहे. आपल्या मंडळाची पुढची सहल डोंगराकडे निघाली तर तुम्ही आम्हाला लगेच ओळखाल. सुरुवातीलाच बाजूला बसून, बुटांत हात घालून चाचपणारं कुटुंब दिसलं, की ते आम्ही. या, आमच्या शेजारी बसा आणि आधी तुमच्या बुटाचा तळ वाकवून दाखवा.